घरी राहून मूल वाढवणाऱ्यांना टॅक्सच्या पैशातून मदत द्यावी काय? गोव्यात ती आधीच दिली जाते, फक्त कोणाला ते बघूया

इन्कम टॅक्स रिटर्नच्या सीझनमध्ये माझ्या ऑफिसात एक बाई आली होती. ऑफिस म्हणजे फोंड्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन टेबलं, एक प्रिंटर आणि एक पंखा. तिच्या नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, दरवर्षी तोच येतो, कागद ठेवतो, ओटीपी फोनवर सांगतो आणि काम होतं. त्या दिवशी त्याचा मालाचा ट्रक यायचा होता म्हणून हिला पाठवलं. मांडीवर दोन वर्षांची मुलगी, पिशवीत पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा. मी स्क्रीन तिच्याकडे वळवून दाखवली, हे त्यांचं रिटर्न, हे तुमचं. तिच्या नावापुढे उत्पन्न आठ लाखांच्या आसपास. ती बराच वेळ बघत राहिली, मुलीने कीबोर्डवर हात मारला तो तिने बाजूला केला आणि मला विचारलं, "ताई, हे माझे? मग आहेत कुठे?"

मी तिला जे समजावलं तेच इथे सविस्तर लिहिते, कारण सध्या जिकडे तिकडे एकच वाद चाललाय, की जी बाई घरी राहते, नोकरी करत नाही, मुलं सांभाळते, तिला आमच्या टॅक्समधून पैसे कशाला द्यायचे. कोण म्हणतं रेवडी, कोण म्हणतं हक्क. आणि ह्या वादात गोव्याची जी खास गोष्ट आहे ती बहुतेकांना माहीतच नसते, अगदी ज्यांना तिचा फायदा मिळतो त्यांनासुद्धा.

आधी 'टॅक्सपेयर' ह्या शब्दाचं बघू. आपण टॅक्सपेयर म्हटलं की पगारातून टीडीएस कापला जाणारा माणूस डोळ्यासमोर आणतो. पण साबण, तेल, बिस्किटं, मुलाचं डायपर, मोबाईलचा रिचार्ज, ह्या सगळ्यावर जीएसटी आहे, पेट्रोलवर व्हॅट आणि एक्साइज आहे, आणि ते घरी राहणारी बाईसुद्धा भरतेच. इन्कम टॅक्स न भरणारं घर म्हणजे टॅक्स न भरणारं घर असं होत नाही. त्यामुळे 'आम्ही भरतो आणि त्या खातात' अशी सरळ विभागणी मुळातच चुकीची आहे.

आता सरकार अशा घरांना मदत करतं म्हणजे नेमकं काय करतं? ढोबळमानाने तीन रस्ते आहेत. एक, टॅक्स कमी घ्यायचा. दोन, रोख पैसे खात्यात टाकायचे. तीन, पैसे न देता सोय द्यायची, म्हणजे बालवाडी, पाळणाघर, पगारी रजा. वाद फक्त दुसऱ्यावर होतो कारण तो दिसतो. पहिला रस्ता कोणालाच दिसत नाही आणि गोव्यात नेमका तोच सगळ्यात मोठा आहे.

आपल्याकडे लग्न लावायचं म्हणजे सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग दुसरी सही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या सहीने काय होतं हे फारच थोडे वाचतात. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड अजून लागू आहे आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते, अर्धी त्याची अर्धी तिची. कम्युनियन ऑफ असेट्स म्हणतात ते हेच. म्हणून तर इथे घर विकायचं तर बायकोची सही लागते, तिने आयुष्यात एक रुपया कमावला नसला तरी. सब-रजिस्ट्रारकडे तुम्ही बघितलं असेल, सगळा व्यवहार पुरुष बोलतात आणि शेवटी कोपऱ्यात बसलेल्या बाईला पुढे बोलावतात, ती पदर सावरत येते, सही करते, अंगठा देते, फोटो काढते.

ह्या कायद्याचं टॅक्समधलं रूप म्हणजे आयकर कायदा १९६१ चं कलम ५ए (एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद आहे). हे कलम १९९४ मध्ये घातलं आणि १९६३ पासून लागू आहे असं धरलं. त्यात म्हटलंय की ज्या जोडप्याला पोर्तुगीज कोडची एकत्र मालमत्तेची पद्धत लागू आहे त्यांचं उत्पन्न अर्धं अर्धं दोघांच्या नावावर धरायचं. धंद्याचं, भाड्याचं, व्याजाचं, जमीन विकून झालेल्या नफ्याचं, सगळं. एक सोडून. पगार. पगार ज्याचा त्याचाच राहतो.

ह्या एका अपवादाने काय होतं ते आकड्यात बघा, म्हणजे डोकं एकदम साफ होईल. २०२५-२६ ह्या आर्थिक वर्षाचे नवीन पद्धतीतले दर घेते. चार लाखांपर्यंत काही नाही, चार ते आठ ५ टक्के, आठ ते बारा १० टक्के, बारा ते सोळा १५ टक्के, आणि करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर रिबेट मिळून टॅक्स शून्य.

समजा एक दुकानदार आहे, नफा वर्षाला १६ लाख, बायको घरी. हाच माणूस बेळगावचा किंवा सावंतवाडीचा असता तर सगळे १६ लाख त्याच्या एकट्याच्या नावावर, टॅक्स १,२०,००० आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे १,२४,८०० रुपये. तोच गोव्याचा असला की आठ लाख त्याचे, आठ लाख तिचे, दोघंही बारा लाखांच्या आत, टॅक्स शून्य. गोव्याचा पोर्तुगीज कोड लागू असला की सव्वा लाख वाचतात, असंच म्हणा ना.

आता त्याच्या शेजारी एक इंजिनियर राहतो, वेर्ण्याला कंपनीत, पगार १६ लाख, त्याची बायकोही घरी, लहान मूल. ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन जाऊन १५.२५ लाखांवर त्याला सेससकट १,१३,१०० रुपये टॅक्स लागतो. कारण पगार वाटला जात नाही. आणि तिसरं घर घ्या, नवरा-बायको दोघंही नोकरीला, आठ-आठ लाख पगार, मूल आजीकडे. टॅक्स शून्य.

तीन घरं, एकाच कॉलनीतली, तिन्ही घरांत वर्षाला सोळा लाखच येतात. दोन शून्य भरतात, एक घर एक लाख तेरा हजार भरतं. 'घरी राहणाऱ्या आईच्या कुटुंबाला टॅक्समध्ये सूट द्यावी काय' हा जो मोठा प्रश्न आहे ना, त्याचं उत्तर गोव्यातल्या दुकानदाराला, बागायतदाराला, चार फ्लॅट भाड्याने देणाऱ्याला आपला कायदा कधीच देऊन बसलाय, होय म्हणून. पगारदाराला दिलंय, नाही म्हणून.

आणि तळातलं घर? ज्याचं उत्पन्नच अडीच लाख, त्याला टॅक्स नाहीच, मग सूट कशातून देणार. टॅक्सच्या रस्त्याने केलेली मदत बहुतेक अशीच असते, जेवढं उत्पन्न जास्त तेवढी मदत जास्त, आणि गरिबापर्यंत ती पोचतच नाही. कलम ५ए मुद्दाम घरी राहणाऱ्या बायकांना मदत म्हणून केलेलं नाही हे खरं, मालमत्ता अर्धी अर्धी म्हणून उत्पन्न अर्धं अर्धं, असं ते तर्काने आलंय, आणि तो तर्क मला मान्यही आहे. पण परिणाम बघितला तर ती मदतच आहे, आणि मोठी मदत आहे.

आता दुसरा रस्ता, रोख. गोव्यात गृह आधार योजना २०१२ मध्ये सुरू झाली, मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना. महागाईचा भार गृहिणीवर पडतो म्हणून तिच्या खात्यात महिन्याला पैसे. सुरुवात हजार रुपयांपासून, मग बाराशे, मग १,५००. बाईचं लग्न झालेलं हवं, पंधरा वर्षं गोव्यात राहणारी हवी आणि घराचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं. बंगालची लक्ष्मी भांडार २०२१ ची, कर्नाटकाची गृहलक्ष्मी २०२३ ची, महाराष्ट्राची लाडकी बहीण २०२४ ची, म्हणजे ह्या सगळ्यांच्या कितीतरी आधी आपलं छोटं राज्य हे करत होतं, त्याचं मला कौतुक वाटतं आणि ते मी मोकळेपणाने सांगते. तामिळनाडूने २०२३ मध्ये अशीच हजार रुपयांची योजना काढली तिच्या नावातच 'उरिमै' आहे, म्हणजे हक्क. बायका घरात जे काम करतात त्याचा मान म्हणून हे पैसे, असं त्यांनी सरळ म्हटलं.

१,५०० गुणिले १२ म्हणजे वर्षाला १८,०००. वर दुकानदाराच्या घराचे वाचले १,२४,८००. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. आणि मग आठवा, रेवडी कोणाच्या पैशाला म्हणतात ते. हां, एक फरक सांगायलाच हवा, इन्कम टॅक्स केंद्राचा आणि गृह आधार राज्याच्या तिजोरीतून, त्यामुळे एकातले काढून दुसऱ्यात घाला असं पणजीत बसून कोणी करू शकत नाही. पण शेवटी दोन्ही तुमचे-आमचेच पैसे.

तिसरा रस्ता सोयींचा, त्यातही असाच चढ-उतार आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत एकूण ७३० दिवस चाइल्ड केअर लीव्ह मिळते, पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. एकट्याने मूल सांभाळणाऱ्या वडिलांनाही ती आता आहे. हे म्हणजे शुद्ध टॅक्सच्या पैशातून आईला घरी राहायला दिलेली मदत आहे, आणि छान आहे, मिळायलाच हवी. खाजगी नोकरीत २६ आठवडे पगारी रजा (१९६१ च्या मातृत्व कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आलेली) आणि पन्नास किंवा जास्त कामगार असले तर पाळणाघर. पण रजेचे पैसे मालकाने द्यायचे, आणि दुकानात दोन मुली कामाला आहेत किंवा किनाऱ्यावरच्या शॅकवर (हंगामी हॉटेलात) सीझनपुरती भांडी घासायला आहे तिला त्यातलं काही लागू होत नाही. तिच्यासाठी पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये, आणि अंगणवाडी. अंगणवाडीतली मुलं दुपारच्या आधीच घरी येतात आणि कामाची वेळ संध्याकाळपर्यंत असते, मग मधल्या वेळात मुलाला कोणी बघायचं? सासूने. सासू नसेल तर नोकरीच नको.

माझंही तसंच झालं. मुलगा झाला तेव्हा मी एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये होते, रजा संपली, पाळणाघर कागदावर होतं, प्रत्यक्षात ती खोली फायलींनी भरलेली. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, माझी आई वाळपईला. सोडली नोकरी. पाच वर्षं घरी होते. त्या पाच वर्षांत पीएफमध्ये एक रुपया गेला नाही, बढती गेली ती गेलीच, आणि कुठल्याही फॉर्मवर 'व्यवसाय' ह्या रकान्यात 'काही नाही' लिहायचे. सकाळी पाचला उठून रात्री अकराला पाठ टेकायची आणि लिहायचं काही नाही.

मदत द्यावी असं म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा इथेच आहे. २०२४ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत दिसलं की घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे तिचे जवळजवळ पाच तास, त्याचा दीड तासही नाही, आणि ह्यात मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं बघणं धरलेलं नाही, ते वेगळं मोजलंय. २०११ च्या जनगणनेत जवळजवळ १६ कोटी बायकांनी आपलं मुख्य काम 'घरकाम' असं सांगितलं, पुरुष ५८ लाखांच्या आसपास. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये एका अपघाताच्या केसमध्ये नाराजी लिहून ठेवली की जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, बिनउत्पादक म्हणून बसवलंय. जानेवारी २०२१ मध्ये न्यायमूर्ती रमणांनी अशाच केसच्या निकालात लिहिलं की गृहिणीच्या कामाला पैशात किंमत धरलीच पाहिजे. म्हणजे बघा, बाई अपघातात गेली की तिच्या कामाची किंमत कोर्ट काढतं, इन्शुरन्स कंपनी भरते. ती जिवंत असताना मात्र तिचं काम शून्य. हे मला कधीच पटलेलं नाही.

आणि मूल ही काही फक्त त्या घराची गोष्ट नाही. आज जो टॅक्स भरतोय त्याची उद्या पेन्शन, हॉस्पिटल, रस्ते हे सगळं आज मांडीवर असलेली पोरं मोठी होऊन भरणार आहेत. ज्याला मूल नाही त्यालासुद्धा म्हातारपणी कोणाच्या तरी वाढवलेल्या मुलानेच सलाईन लावायचंय.

आता विरोधाचं पण ऐकू, कारण त्यात दम आहे आणि मी स्वतः दोन्ही बाजूला राहिलेली आहे. पहिला मुद्दा, घरी माणूस असलं की घर स्वस्तात चालतं. दोघं नोकरीला जाणाऱ्या घराला मुलाला बघायला बाई, स्वयंपाकाला बाई, दोन स्कूटरचं पेट्रोल, थकून आलं की बाहेरचं जेवण, हे सगळं टॅक्स भरून उरलेल्या पैशातून करावं लागतं. घरी राहणारी तेच काम स्वतः करते, त्या कामावर टॅक्स नाही. म्हणजे दोघांच्या सोळा लाखांत आणि एकाच्या सोळा लाखांत फरक आहे, एकाच्या सोळा लाखांबरोबर एक पूर्ण माणूस घरात कामाला मिळतं. मग त्याने थोडा जास्त टॅक्स दिला तर काय बिघडलं? हे मला बऱ्याच अंशी पटतं. वरच्या इंजिनियरला मी हेच सांगते तेव्हा तो गप्प होतो, मग म्हणतो, मान्य, पण मग दुकानदाराला पण लावा. तेही बरोबर.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. घरी राहण्यालाच पैसे दिले तर बाई घरीच राहते, आणि एकदा पाच-सात वर्षं बाहेर राहिली की परत आत येणं अवघड, हे मी अंगावर घेतलंय. जर्मनीत १९५८ पासून नवरा-बायकोचं उत्पन्न अर्धं अर्धं करून टॅक्स लावतात आणि तिथे सगळ्यात मोठी तक्रार हीच, की दुसऱ्याने नोकरी धरली की पहिल्या दिवसापासून वरच्या दराने टॅक्स बसतो, म्हणून बायका अर्धवेळच काम करतात. आपल्याकडे ५ए ने काय होतं ते त्याच दुकानदाराच्या घरात बघा. बायकोच्या नावावर दुकानाचे आठ लाख आधीच पडलेत. तिने आता शाळेत नोकरी धरली, पगार सहा लाख. स्टँडर्ड डिडक्शन जाऊन ५.२५, मिळून १३.२५ लाख, रिबेट गेला, टॅक्स सेससकट ८१,९००. तिच्या नावावर ते आठ लाख नसते तर सहा लाखांच्या पगारावर टॅक्स शून्य होता. घर म्हणून बघितलं तर तरीही ५ए मुळे फायदाच आहे, पण घरात जेवताना हिशोब कसा होतो? "तू नोकरीला गेलीस की ऐंशी हजार सरकारला, पोरीला बघायला बाई ठेवायची ते वेगळे, त्यापेक्षा घरी राहा." हे वाक्य मी माझ्या टेबलावर ऐकलेलं आहे.

गृह आधारमध्येही असाच कडा आहे. डिचोलीच्या बाजूला आमच्या नात्यातली एक वहिनी, नवरा ड्रायव्हर, पगार २२,००० म्हणजे वर्षाला २,६४,०००. तिला फार्मसीत अर्ध्या दिवसाचं काम मिळत होतं, महिना ६,०००. घेतलं तर घराचं उत्पन्न ३,३६,००० होतं, तीन लाखांच्या वर, गृह आधार बंद. आम्ही दोघींनी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. सहा हजारांतून दीड हजार गृह आधारचे गेले, हजार बसला, अडीच हजार मुलाला बघणाऱ्या शेजारणीला. उरले हजार. महिन्याला पंचवीस दिवस उभं राहून दिवसाला चाळीस रुपये. तिने पेन ठेवलं आणि उठून भात बघायला गेली. ती आळशी नाही, तिला हिशोब येतो.

म्हणून बाहेरच्या देशांतले अनुभव बघताना मी फक्त एकच गोष्ट बघते, पैसे कुठल्या अटीवर दिले. नॉर्वेने १९९८ मध्ये लहान मुलांच्या आईबापांना रोख दिले पण अट अशी की सरकारी बालवाडीत जागा घ्यायची नाही. जर्मनीने २०१३ मध्ये तसंच काहीसं केलं, आधी महिन्याला १०० युरो, पुढे १५०, विरोधकांनी त्याला 'चुलीचं बक्षीस' असं नाव ठेवलं आणि २०१५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने, हा विषय केंद्राच्या अधिकारात येत नाही म्हणून, तो कायदा रद्द केला. पाळणाघर नको घेऊस तर पैसे देतो, ही अटच मला चुकीची वाटते, कारण त्यात आईला घरी बसवायचे पैसे होतात, मुलाचे होत नाहीत.

मग माझं म्हणणं काय? मदत द्यावी, शंभर टक्के द्यावी, पण ती 'बाई घरी बसली' म्हणून नको, 'घरात तीन वर्षांच्या आतलं मूल आहे' म्हणून द्यावी. जो सांभाळतो त्याच्या खात्यात, आई असो, बाप असो, आजी असो. आणि तिने अर्धा दिवस काम धरलं म्हणून ती एका फटक्यात बंद होऊ नये, उत्पन्न वाढेल तशी हळूहळू कमी व्हावी, म्हणजे वहिनीसारखीला चाळीस रुपयांचा हिशोब करावा लागणार नाही. आता गृह आधारात तर मुलाचा संबंधच नाही, तान्हं मूल असलेल्या पंचविशीतल्या बाईला पण १,५०० आणि मुलं कामाला लागलेल्या पंचावन्नच्या बाईला पण १,५००. दुसरीला देऊ नका असं मी म्हणत नाही, पण पहिलीला ते पुरत नाहीत हे कोणालाही कळेल. तिला पाच हजार द्या, तीनच वर्षं द्या.

आणि पैशापेक्षाही आधी, अंगणवाडी संध्याकाळी पाचपर्यंत चालू ठेवा. इमारत आहे, सेविका आहे, मदतनीस आहे, त्यांना नीट पूर्ण पगार द्या आणि दुपारच्या झोपेच्या चटया द्या. ज्या आईला घरी राहायचंय ती राहील, ज्या आईला जायचंय ती जाईल. आज दोघींनाही ती निवड नाही, माझ्याकडेही नव्हती.

५ए चं काय करायचं? काढा असं मी म्हणणार नाही. अर्धं उत्पन्न तिचं आहे असं कागदावर म्हणणारा टॅक्सचा कायदा देशात जवळजवळ कुठेच नाही, तो घालवायला नको. पण एकतर पगारदारांच्या घरात लहान मूल असेल तेव्हा त्यांनाही काही प्रमाणात तो द्या, नाहीतर वाटणीच्या फायद्याला वरून मर्यादा घाला, कारण दोन कोटींच्या भाड्यावर मिळणारी सूट ही मूल सांभाळण्याची मदत नक्कीच नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उत्पन्न अर्धं तिचं धरून जर टॅक्स वाचवला तर ते पैसे तिला दिसले तरी पाहिजेत. जुन्या कोडमध्ये मालकी दोघांची पण कारभार नवऱ्याचा, तिथेच सगळं अडतं.

त्या बाईला मी शेवटी काय सांगितलं ते लिहून थांबते, कारण ते तुमच्यापैकी अनेकींना आजच उपयोगी पडेल. तुमच्या नावाने रिटर्न भरलं जात असेल तर त्याची कॉपी आणि पोचपावती मागून घ्या, शेड्यूल ५ए चं पान त्यात असतं, त्यात वाटलं जाणारं उत्पन्न आणि जोडीदाराचा वाटा लिहिलेला असतो. पोर्टलचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, ओटीपी तुमच्याच फोनवर येऊ दे. रिफंडसाठी तुमच्या एकटीच्या नावाचं खातं जोडा. तीन वर्षांची रिटर्न्स असली की उद्या तुम्हाला स्वतःच्या नावावर लोन मागता येतं, बँक त्याच कागदांवर तुमचं उत्पन्न बघते. आणि नवऱ्याशी एकदा बसून बोला, जेवढा टॅक्स तुमच्या नावामुळे वाचला तेवढे तरी दरवर्षी तुमच्या पीपीएफमध्ये जाऊ देत. मर्यादा वर्षाला दीड लाखाची आहे, म्हणजे वरच्या उदाहरणातले १,२४,८०० त्यात आरामात बसतात.

तिने सगळं ऐकलं, दोन्ही रिटर्नच्या प्रिंट मागितल्या, नवऱ्याची वेगळ्या फायलीत घातली आणि स्वतःची घडी करून पर्समध्ये, मुलीच्या लसीच्या कार्डाच्या मागे ठेवली. जाताना दारातून परत वळून विचारलं, "ताई, पीपीएफ उघडायला काय काय कागद लागतात?" मी एका चिठ्ठीवर लिहून दिलं, आधार, पॅन, दोन फोटो.